बीज म्हणजे कोणती बीज

पूताई बंदर
जुन्या पंचांगाने तिसरा महिना, पंचवीस

माझ्या लाडक्या आ-रुंगला आजीचा आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. फोडताना हाताला खवले होते. तेव्हा कागदांना माशाचा वास लागला असेल तर रागावू नकोस. नाहीतरी मी ते पेटीत ठेवणार, आणि पेटीतल्या सगळ्याच गोष्टींना तो वास आहे. तुझ्या आजोबांच्या फोटोलासुद्धा.

तू लिहिलंस, "आजी, ही घटस्फोटाच्या करारपत्राची प्रत तुझ्याकडे राहू दे, वाचत बसू नकोस." आता असं लिहिल्यावर कोण वाचल्याशिवाय राहील? गिऱ्हाइकं उठली, भांडी तशीच टाकली, चष्मा लावला आणि बसले. माझी शाळा दोन वर्षांची, त्यातली निम्मी मिठागरावर. पानंच्या पानं काळी केली आहेत मेल्यांनी! मला 'मुलगी' कळलं, 'आजोळ' कळलं, तुझ्या नवऱ्याचं, पो-युआनचं नाव कळलं. सहीच्या जागचा तुझा लाल शिक्का तर लगेच ओळखला, तुझ्या लग्नात मीच तो कोरून घेतला होता. कोरणारा म्हातारा गेला बरं का मागच्या महिन्यात. छान गेला, जेवून झोपला तो उठलाच नाही.

हं, तर काय सांगत होते. पुढे एका ओळीवर आले आणि इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारची कालवंवाली सुरी घेऊन धावत आली. "मुलगी बीजेला आजोळी जाईल." बीज! ही अक्षरं मला झोपेतही वाचता येतील. दर महिन्याची बीज आणि सोळावा दिवस मी भिंतीवरच्या पंचांगात स्वतः लाल करते. भूमिबाबाला नैवेद्य दाखवायचे दिवस ना ते. धंदा करणारं कुणी ते चुकवत नाही. माझी माशांच्या गोळ्यांची गाडी असो की तुझ्या सासूचं उदबत्तीचं दुकान.

म्हणजे आमची निन-निन दर महिन्याला येणार! आणि मी वेडी इतके दिवस रडत होते की पाच वर्षांची पणती त्या लोकांनी ठेवून घेतली, आता कुठली दिसते. तुझ्या सासूला मी मनातल्या मनात काय काय म्हटलंय ते सगळं परत घेतलं. आता तुला त्या सायकलींच्या कारखान्यातून सुट्टी मिळायची नाही, हे मला ठाऊक आहे. तू काळजी करू नकोस. येत्या बीजेला मीच लुकांगला जाते आणि तिला घेऊन येते. गाडी एक दिवस बंद. भूमिबाबा समजून घेईल, त्यालाही नातवंडं असतील.

फोन करू नकोस. फोनवर तू "सगळं ठीक आहे, आजी" म्हणतेस आणि ठेवतेस. पत्र असं अर्ध्यावर ठेवता येत नाही.

तुझी आजी


ताइचुंग
७ मे २००५

प्रिय आजी,

कृपा करून लुकांगला जाऊ नकोस.

ती बीज आपल्या पंचांगातली नाही. नव्या वर्षाची बीज, लेकी माहेरी येतात ती. वर्षातून एकच. तेवढा एक दिवस निन-निन माझ्याकडे येणार, असं ठरलंय. मला ते ठाऊक होतं. तुला सांगितलं नाही, ही माझी चूक.

सासूबाईंच्या भावाने करारपत्र लिहिलं, ते कागदपत्रं लिहून देण्याचंच काम करतात. दोन साक्षीदार होते. 'दोघांच्या खुशीने' असं वरच लिहिलं आहे. मी वाचून शिक्का मारला. आता त्यात काही बदलत नाही. निन-निनला तिथे स्वतःची खोली आहे. मी ठीक आहे, वेळेवर जेवते. खोलीतली दुसरी मुलगी चांगली आहे.

तुला वाईट वाटू नये म्हणून सांगते, घटस्फोट मलाही हवाच होता. चार वर्षं तो व्हिएतनामच्या कारखान्यात, वर्षातून दोनदा घरी, आणि घरी आला तरी आम्ही दोघं परक्यासारखे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तुझी,
आ-रुंग


पूताई बंदर
चौथा महिना, चार

आ-रुंग, माझ्या सोन्या,

तुझं पत्र मला परत आल्यावर दारात पडलेलं सापडलं. म्हणजे मी जाऊन आले. आता रागवायचं तर रागाव.

बीजेला पहाटेची बस धरली, पुढे आगगाडी, पुढे परत बस. नवा निळा सदरा घातला होता. लुकांगच्या त्या बोळात शिरले तर वास कसला सुरेख, चंदनाचा! तुझ्या सासूच्या दुकानापुढे टेबल मांडलेलं, त्यावर कोंबडी, मासा, डुकराचं मटण, फळं, आणि ती स्वतः उदबत्त्या पेटवत उभी.

"अगबाई! तुम्ही?"

"मीच. पणतीला न्यायला आले, विहीणबाई. आज बीज."

"कसली बीज?"

"तुमच्या दारात नैवेद्य मांडलाय, ती कोंबडी मान वळवून माझ्याकडे बघतेय, आणि तुम्ही मलाच विचारता कसली बीज?"

समोरच्या सुताराला हसू फुटलं. तुझी सासू लाल झाली.

"अहो, ही नव्हे! लेकी माहेरी येतात ती. वर्षाची!"

"कागदावर वर्षाची असं कुठं लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं? सगळ्या जगाला कळतं!"

"मला नाही कळलं. माझी दोन वर्षांची शाळा. तुम्ही शिकलेली माणसं, स्पष्ट लिहायचं होतंत."

खरं सांगते, मी चेष्टा करत नव्हते. मला तोवर खरंच वाटत होतं की मी बरोबर आणि ती लबाडी करतेय. बघणारे जमायला लागले. नैवेद्याच्या दिवशी दारात भांडण नको, म्हणून ती म्हणाली, "जा, देवळाच्या अंगणात बसा तिला घेऊन. तासाभरात परत आणा." आणि वर, "उन्हात बसवू नका, तिला घामोळ्या येतात." बाई अगदीच वाईट नाही गं.

निन-निन! किती उंच झाली! दात पडलाय पुढचा. मला म्हणाली, "पणजी, तुला माशासारखा वास येतो," आणि मांडीवर बसली. आम्ही बैलाच्या जिभेसारखी ती लांबट गोड रोटी घेतली. तिने कडेकडेने खाल्ली, मधला गोड भाग शेवटी. तू अशीच खायचीस. मी सुखाने नुसती बघत होते. मग ती म्हणाली,

"पणजी, आईने मला देऊन टाकलं ना?"

"कोण म्हणतं असं?"

"आजी म्हणते, आईने खुशीने लिहून दिलं."

मी विचारलं, "तुला काय वाटतं, का दिलं असेल?"

तर म्हणाली, "मी पालेभाजी खात नव्हते म्हणून. आता खाते. सांग आईला."

आ-रुंग, मी सांगते आहे. ती आता पालेभाजी खाते.

बीज कोणती, हे माझं चुकलं असेल. मी अडाणी. पण तुला मी तू एवढीशी असल्यापासून वाढवलं, तुझे आईबाप बुडाले तेव्हापासून. तू खुशीने कधी काय देतेस आणि कधी मुकाट्याने देतेस, यातला फरक मला कागद न वाचता कळतो. तू शिक्का मारलास त्या दिवशी काय झालं ते मला लिही. नीट लिहू नकोस, कसंही लिही. मी काय नीट वाचणार आहे!

तुझी आजी


ताइचुंग
१५ मे २००५

आजी,

तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. आता हे जसं येईल तसं पाठवते.

नव्या वर्षाचे पंधरा दिवस संपले होते. पो-युआन दुसऱ्या दिवशी व्हिएतनामला परत जाणार होता. वेगळं व्हायचं आमचं आधीच ठरलं होतं. निन-निन माझ्याबरोबर येईल, असं मी धरूनच चालले होते. त्यावर आम्ही बोललोसुद्धा नव्हतो. संध्याकाळी मामा, म्हणजे सासूबाईंचे भाऊ, आले, शेजारचे दोघे साक्षीदार म्हणून आले. सासूबाईंनी चहा केला. निन-निन आतल्या खोलीत झोपली होती, तिला दुपारपासून थोडा ताप होता.

मामांनी करारपत्र पुढे केलं आणि म्हणाले, "सावकाश वाच, घाई नाही." मी वाचलं. मुलगी वडिलांकडे, म्हणजे सासूबाईंकडे. बीजेला ती आजोळी जाईल. मी म्हटलं, "हे असं नाही."

सासूबाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. आवाज अजिबात चढवला नाही. कप विसळत होत्या. म्हणाल्या, "सही कर आणि वर्षातून एकदा तिला बघ. नाही केलीस तर उद्या सकाळच्या विमानात ती बापाबरोबर बसेल. तिचा पासपोर्ट तयार आहे. मग वर्षातून एकदाही नाही." आणि कप पुसून फडताळात ठेवला.

पो-युआन पुढे दुकानात खोकी बांधत होता. मला वाटलं, त्याला सगळं ठाऊक आहे, त्याचंच हे ठरलंय, म्हणूनच तो समोर येत नाही. मी बाहेर येऊन बसले. शिक्का काढला आणि मारला. साक्षीदारांनी विचारलंही नाही. त्यांनी त्यांचे शिक्के मारले आणि नव्या वर्षाची मिठाई खाल्ली. मग पो-युआनला हाक मारली. त्याने शिक्का मारला आणि माझ्याकडे बघितलं नाही. पुढच्या कामासाठी त्याने जाणं पुढे ढकललं, आणि दोन दिवसांनी आम्ही दोघं नोंदणीच्या कार्यालयात जाऊन नोंद करून आलो.

परवा मी एका वकीलबाईकडे गेले, फुकट सल्ला देतात तिथे. तुझं पत्र आलं म्हणूनच गेले. त्या म्हणाल्या, धमकी देऊन घेतलेला होकार मागे घेता येतो, पण एक वर्षाच्या आत, आणि धमकी दिली होती हे दाखवावं लागतं. मग त्यांनी विचारलं, "मारलं का?" नाही. "दार बंद केलं होतं?" नाही, दुकानच ते, सताड उघडं. "वाचायला वेळ दिला?" दिला. "तो विमानाचा विषय तुमच्याशिवाय कुणी ऐकला?" नाही.

त्या वाईट बोलल्या नाहीत. दुसऱ्या बाजूचे हेच विचारतील, म्हणून त्यांनी आधी विचारलं. म्हणाल्या, मुलीच्या बाबतीत न्यायालय तिचं हितही बघतं, तेव्हा अर्ज करू, आधी मध्यस्थीला बोलावतील. पण मला तेव्हापासून एकच वाटतंय. दार उघडं होतं, आजी. मी उठून का गेले नाही?

आ-रुंग


पूताई बंदर
चौथा महिना, पंधरा

माझ्या बाळा,

तुझं पत्र मी गाडीमागच्या स्टुलावर बसून वाचलं. अडलेली अक्षरं कालवंवालीला विचारली. ती पण रडली. दोन गिऱ्हाइकं तशीच गेली, जाऊ देत.

तू विचारतेस, उठून का गेले नाही. आपल्या मागच्या अंगणात कोंबडी होती आठवतं, तुला टोचायची ती? तिचं पिल्लू मी टोपलीखाली झाकून ठेवायचे, मांजराच्या भीतीने. कोंबडीला कधी बांधलं नाही. अंगण उघडं, फाटक उघडं, पार बंदरापर्यंत रस्ता उघडा. ती टोपलीभोवतीच फिरायची. तिला कुणी विचारलं का, बाई, फाटक उघडं असून तू गेली का नाहीस?

आतल्या खोलीत तुझी पोर तापाने झोपलेली. कुठे जाणार होतीस तू?

मला कायद्यातलं कळत नाही. पण 'खुशीने' असा शब्द कागदावर लिहिला म्हणून मनात खुशी येत नसते, एवढं मला कळतं. मी गाडीवर 'ताजे मासे' लिहिते तेव्हा निदान मासे तरी असतात.

मध्यस्थीला मी येणार. त्यांनी बोलावलं नाही तरी येणार, बाहेर बाकावर बसेन. पण बोलावतील, कारण तुझ्या सासूने तक्रार लिहून दिली आहे म्हणे, की म्हातारी करार मोडून दारात आली. मी तर खूश आहे! माझ्याविरुद्ध आजवर कुणी काही लिहून दिलं नव्हतं. न्यायालयात जायचं म्हणून केस कुरळे करून घेतले. कालवंवाली म्हणते, मेंढीसारखे दिसतात. पण जळते ती.

पालेभाजी खात जा. तुझी लेक खाते.

आजी


पूताई बंदर
पाचवा महिना, बारा

आ-रुंग, माझ्या गुणी पोरी,

तुला काल मध्यस्थीच्या वेळी त्यांनी दुसऱ्या खोलीत बसवलं होतं, आणि नंतर तुला कारखान्यात पाळीवर पळायचं होतं. रस्त्यावर मी नुसतं "चांगलं झालं, चांगलं झालं" करत राहिले आणि बस आली. तर आता सगळं सांगते. मी इतकी खूश आहे की अक्षरं वाकडी येताहेत.

मला वाटलं होतं उंच खुर्चीवर न्यायाधीश, काळा झगा. तर साधी खोली, गोल टेबल, कागदी पेल्यात पाणी. मध्यस्थ म्हणजे त्या चुंगबाई, पूर्वी शाळेत शिकवायच्या. आवाज असा, की आपल्याला गृहपाठ न केल्यासारखं वाटावं. एका बाजूला मी, समोर तुझी सासू, तिचे ते मामा आणि पो-युआन. तो मुद्दाम आलाय व्हिएतनामहून. बारीक झालाय. मला बघून उभा राहिला आणि "आजी" म्हणाला. मी म्हटलं, "जेवलास का?" सवयीने गं.

चुंगबाईंनी आधी तक्रारच घेतली. "आजी, तुम्ही बीजेला मुलीला न्यायला का गेलात?"

मी सांगितलं, लिहिलं होतं म्हणून गेले. दर महिन्याची बीज मी पंचांगात लाल करते, तेही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. कागद बघून म्हणाल्या, "इथे नुसतं 'बीज' आहे. कोणती बीज, ते नाही."

मामा खाकरले. "रीतीप्रमाणे ते स्पष्टच आहे."

"धंदा करणाऱ्यांच्या रीतीने दर महिन्याची," चुंगबाई म्हणाल्या. "आणि दोन्ही घरं धंदा करणारी. मग दोन्ही बाजूंना यातून एकच गोष्ट समजली होती, असं कसं धरायचं?"

इथे तुझ्या सासूचा तोल गेला. टेबलावर हात आपटला, माझं पाणी सांडलं. "समजली नव्हती म्हणे! तिला चांगलं समजलं होतं! मी त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात माझ्या तोंडाने सांगितलं होतं तिला, सही कर आणि वर्षातून एकदा बघ, नाहीतर सकाळच्या विमानात पोर बसेल, मग तेही नाही! आता म्हणते कोणती बीज!"

मामांनी डोळे मिटून घेतले. तिला स्वतःला कळलंच नाही ती काय बोलून गेली ते. ती बीजेचंच भांडण भांडत होती, माझ्याकडे बघून, आता काय बोलशील अशी.

मग पो-युआन म्हणाला, अगदी हळू, "आई, कोणतं विमान?"

"अरे, तुझंच."

"माझ्या विमानात निन-निन कुठे होती? मी तिथे सहा जणांच्या खोलीत राहतो. मी कधी म्हटलं होतं तिला नेतो?"

ती सांडलेलं पाणी तळव्याने पुसायला लागली.

"तू मला सांगितलंस, आ-रुंग म्हणते मुलगी नको, मोकळं व्हायचंय. मी म्हणून तिच्याकडे बघितलं नाही. इतके महिने मी तिला..." आणि त्याने खिशातून रुमाल काढला, तो इस्त्रीचा नव्हता.

मी समजत होते, आता मला फार आनंद होईल. पण तुझी सासू रडायला लागली. नाटकी नाही, नाक वाहेपर्यंत. म्हणाली, "हा तिकडे जातो. सून चालली. पोर पण गेली तर मी त्या दुकानात कुणासाठी बसू? संध्याकाळी कुणाला हाक मारू?" मी माझा हातरुमाल दिला. माशाच्या वासाचा. तिने नाक पुसलं आणि तशाही स्थितीत तोंड वाकडं केलं, म्हणून मला जरा बरं वाटलं.

मी म्हटलं, "विहीणबाई, हे असं तुम्ही त्या दिवशी आ-रुंगपुढे रडला असतात, तर तिने निन-निनला दर शनिवारी तुमच्या दारात आणून सोडलं असतं. वेडी आहे ती."

चुंगबाई म्हणाल्या, इथे बोललेलं न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात! पण पो-युआन म्हणाला, "मला पुरावा नको. मी इथेच बसलो होतो." आणि त्यानेच सांगितलं, जुना करार मुलीपुरता सोडून देऊ आणि नवा करू. मामांनी कागद काढला तसा त्याने मामांच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही नका लिहू, मामा."

मग चुंगबाई उठून तुझ्या खोलीत आल्या. पुढचं तुला माहीत.

आता मला सांग, नव्यात काय काय आहे. आणि या वेळी वाचून, समजून, पोटभर जेवून शिक्का मार.

तुझी आजी


ताइचुंग
२ जुलै २००५

प्रिय आजी,

काल झालं. तुला लगेच लिहिते आहे, कपडेही बदलले नाहीत.

चुंगबाईंनी पूर्ण करार मोठ्याने वाचला. प्रत्येक कलम झालं की थांबायच्या आणि आधी मला, मग पो-युआनला विचारायच्या, "हे तुमच्या मनातलं आहे का?" निन-निन माझ्याकडे राहणार. हो. बापाला ती हवी तेव्हा फोनवर भेटणार, तो इथे असेल तेव्हा त्याच्याकडे जाणार. हो. शनिवार-रविवार एका आड एक लुकांगला. हो, ते मीच सुचवलं होतं.

मग त्या वाचत गेल्या, "उन्हाळ्याची सगळी सुट्टी आजीकडे." सासूबाईंनी मागितलं होतं. त्या समोर बसल्या होत्या, माझ्याकडे बघत. तेच बघणं, आजी. माझा हात पर्समध्ये शिक्क्यावर गेला. मला कप विसळल्याचा आवाज ऐकू आला, खरंच आला, त्या खोलीत कप नव्हताच. मी हो म्हणणार होते. इतकं मिळतंय, एवढ्यावर कशाला अडा.

चुंगबाई म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर जाऊन या. आम्ही कुठे जात नाही."

मी बाहेर गेले. समोर गवती चहाचं सरबत विकत होते, ते घेऊन झाडाखाली बसून प्यायले. कुणी मागे आलं नाही. परत आले आणि म्हटलं, "सगळी नाही. निम्मी." आवाज फार बारीक निघाला.

मी थांबले, आता काय होईल म्हणून. काही झालं नाही. चुंगबाईंनी 'सगळी' खोडलं, 'निम्मी' लिहिलं. पो-युआनने मान हलवली. सासूबाई म्हणाल्या, "कुठली निम्मी? पहिली द्या. दुसरीत वादळं असतात, दुकान बंद असतं." एवढंच.

मी नाही म्हटलं आणि काही झालं नाही. निन-निन तिथेच बाहेरच्या बाकावर चित्र रंगवत बसली होती, आणि तिथेच राहिली.

मग मी शिक्का मारला. सरळ उमटला, कडा स्वच्छ.

मला स्वतंत्र खोली मिळेपर्यंत थोडे दिवस तिला तुझ्याकडे ठेवशील? सासूबाईंची निम्मी ती माझ्याकडे जरा रुळली की सुरू करू, त्यांना विचारलंय, त्या चालेल म्हणाल्या. शाळा उघडायला वेळ आहे. तिच्या पिशवीत घामोळ्यांची पावडर आहे, ती सासूबाईंनी दिली आहे. रोज लाव, त्या विचारतील.

तुझी,
आ-रुंग


पूताई बंदर
सहावा महिना, आठ

आ-रुंग, माझ्या सोन्या,

पावडर रोज लावते. पोर पांढरी होऊन बंदरभर फिरते, सगळे विचारतात ही कोण, आणि मी दिवसातून शंभरदा सांगते की माझी पणती. कालवंवालीने तर तिला तीन टोप्या दिल्या. कालपासून ती गाडीवर गिऱ्हाइकांना सांगते, "गोळे ताजे आहेत, पण मला आवडत नाहीत." आता असं कोणी धंदा करतं का? पण लोक हसतात आणि दोन वाट्या खातात.

तुझ्या सासूचा फोन आला होता. मी ओरडून बोलले, तीही ओरडून बोलली, दोघींना काही ऐकू आलं नाही. शेवटी निन-निन बोलली. मग सासू तिला म्हणाली असावी पालेभाजी खा, कारण पोरीने डोळे फिरवले आणि म्हणाली, "आज नको, आजी. उद्या." मला वाटलं, आता ती चिडणार. पण पलीकडे बाई हसत होती, तेवढं मला ऐकू आलं.

तू लिहिलंस खोली मिळाली, खिडकी आहे, खाली बाजार आहे. खरं सांगू, मी मनात म्हटलं होतं, पोर इथे रुळली आहे, अजून महिनाभर राहिली तर काय बिघडलं. तुझी कारखान्यातली पाळी, तुझी दगदग. मग म्हटलं, आपण ठरवणारे कोण, तिलाच विचारू. आज सकाळी ती चूळ भरत होती. मी विचारलं, "निन-निन, पणजीकडे राहायचं की आईकडे जायचं?"

"आईकडे," ती म्हणाली. चूळ भरता भरता, पाणी उडवत. मला काय वाटेल ते बघायला माझ्या तोंडाकडे वळलीसुद्धा नाही.

पोरी, मला इतका आनंद झाला!

शनिवारी दुपारच्या गाडीने घेऊन येते. फलाटावर ये.

तुझी आजी